सत्तरीतली हुर्राक पुण्यात तशी का लागत नाही

एप्रिलमध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे गाडीची काच खाली केली, की काजूची भट्टी दिसण्याआधी तिचा वास येतो. पिकून फुटलेलं फळ, आंबलेला रस आणि लाकडाचा धूर असा तो तिहेरी वास. पहिल्यांदा आलेल्या बऱ्याच जणांना तो आवडत नाही. तासाभरात तेच लोक हुर्राकचा, म्हणजे काजूच्या फळापासून गाळलेल्या हलक्या दारूचा, दुसरा ग्लास मागतात आणि निघताना बाटली बरोबर घेतात (परवान्याचा भाग वेगळा). पुढच्या शनिवारी ती घरी उघडली जाते आणि हमखास ऐकू येतं, ‘तिथे वेगळी लागली होती.’ वाईनच्या दुनियेत ही तक्रार जुनी आहे. फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या किनाऱ्यावर अमृत वाटलेली रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, लंडनच्या पावसात पिळपिळीत लागते, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे मूड. सुट्टी, समुद्र, चार मित्र. चव काय, मनाचा खेळ. मला हे उत्तर अर्धंच वाटतं. मनाकडे वळण्याआधी बाटलीत काय आहे ते पाहायला हवं.

बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाहीत. तो पिकून खाली पडला की वेचायचा, बी पिळून वेगळी करायची आणि फळ लगेच ठेचायचं. हे फळ इतकं नाजूक की एक दिवससुद्धा धड टिकत नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून हे झाड आणलं. त्याची बी आज जगभर खाल्ली जाते, फळ मात्र बागेपासून फार लांब जाऊ शकत नाही. जुन्या पद्धतीत कातळात कोरलेल्या खळग्यात बोंडू पायांनी तुडवतात. उरलेला चोथा वेलीने आवळून वर दगड ठेवला, की रात्रभर जो नितळ रस ठिबकतो तो नीरो. तो सकाळीच प्यायचा, कारण उन्हं चढली की तो आंबायला लागतो. तुडवलेला रस दोन-तीन दिवस ठेवतात. त्यात बाहेरून यीस्ट घालत नाहीत, साखरही नाही. सालीवर आणि हवेत जे यीस्ट असतं तेच काम करतं. या आंबलेल्या रसाचं एकदा ऊर्ध्वपातन केलं की हुर्राक होते. हुर्राकमध्ये आणखी आंबलेला रस मिसळून पुन्हा भट्टीवर चढवलं की फेणी. हुर्राकमध्ये अल्कोहोल साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असतं, फेणीत ४० च्या वर.

फरकाचं पहिलं कारण या टक्क्यांतच आहे. बोंडूच्या वासात एस्टर गटातल्या संयुगांचा मोठा वाटा असतो. आम्ल आणि अल्कोहोल जोडले जाऊन, पाणी बाहेर टाकून एस्टर बनतं. ही अभिक्रिया उलटीही चालते. भोवती पाणी भरपूर असेल आणि द्रव आम्लधर्मी असेल, तर एस्टर हळूहळू परत फुटतं. हुर्राक म्हणजे बहुतांश पाणीच. शिवाय एस्टर उडून जाणारी असतात. बूच उघडलं, निम्मी बाटली रिकामी राहिली, की ती वरच्या मोकळ्या हवेत जातात. आत आलेला ऑक्सिजन उरलेल्या वासाची वाट लावतो. फेणीत अल्कोहोल जास्त असल्याने हा तोल एस्टरच्या बाजूने झुकतो आणि ती वर्षानुवर्षं टिकते. म्हणजे जूनमध्ये पुण्यात उघडलेली हुर्राक खरोखरच वेगळा द्रव असते. यात मनाचा काही दोष नाही.

आता ग्लासकडे येऊ. गोव्यात हुर्राक बहुतेकदा लिम्का, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. कोणी प्रयोगशाळेत बसून हे ठरवलेलं नाही, पण यातला एकेक जिन्नस कुठल्या ना कुठल्या मज्जातंतूवर नेमका काम करतो.

मिरचीचा तिखटपणा ही चव नाहीच. तो दाह आहे. जिभेतल्या वेदनेच्या तंतूंवर टीआरपीव्ही१ नावाचं प्रथिन असतं, ते साधारण ४२-४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ‘भाजतंय’ असा संदेश पाठवतं. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच प्रथिन उघडतं. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ते १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत अशी की अल्कोहोल याच प्रथिनाचा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं. मग शरीराचं नेहमीचं तापमानही त्याला जाळ वाटू लागतं. दारू घशात जळते ती यामुळे. मिरची आणि हुर्राक एकाच दारावर दोन बाजूंनी धक्का देतात, बर्फ तो धक्का सौम्य करतो. मीठ कडवटपणा दाबतं. लिम्काची झणझण मात्र फसवी. बुडबुडे फुटून जीभ टोचतात असं आपल्याला वाटतं, पण संशोधकांनी लोकांना जास्त दाबाच्या खोलीत बसवलं, जिथे बुडबुडे तयारच होत नाहीत, तरी ती टोचणी तशीच राहिली. कार्बन डायऑक्साइडपासून जिभेवर कार्बोनिक आम्ल बनतं आणि तेच वेदनेच्या तंतूंना डिवचतं.

या सगळ्यात काजू कुठे आहे? नाकात, आणि तेही मागच्या दाराने. घोट गिळल्यावर आपण श्वास सोडतो, तेव्हा तोंडातली बाष्पं घशामागून वर चढून नाकाच्या छतावरच्या गंधपेशींपर्यंत पोचतात. पडताळायचं असेल तर नाक चिमटीत धरून बडीशेप चावा. गोडसर, चोथट काहीतरी जाणवेल. मग चिमूट सोडा, बडीशेप एकदम ‘येते’. जीभ मोजक्या मूळ चवी ओळखते. नाकाकडे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक आहेत आणि एकेक वास त्यांतल्या अनेकांना कमी-जास्त चेतवतो. ज्याला आपण प्रदेशाची चव म्हणतो ती बरीचशी इथे ठरते.

सोबत बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, असेल तर आणखी एक इंद्रिय जागं होतं. हुमणात घातलेली तिरफळं, गोव्यात तेफळं, ओठांना किंचित बधिर करतात आणि त्यांच्यावर मुंग्या आणतात. त्यांच्याच कुळातलं चिनी सिचुआन मिरं घेऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एक सुंदर प्रयोग झाला. ओठांवर त्याची पूड लावायची, बोटावर यंत्राने कंपनं द्यायची आणि दोन्ही सारखी कधी वाटतात ते सांगायचं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ५० कंपनं. म्हणजे हे मिरं चवीच्या नव्हे, तर स्पर्शाच्या तंतूंना फसवतं. हुमणातली कोकमंही नुसत्या आंबटपणासाठी नसतात. माशाचा उग्र वास ज्या ट्रायमिथाइलअमाइनमुळे येतो, ते आम्लाशी जोडलं गेलं की त्याचा न उडणारा क्षार बनतो आणि वास नाकापर्यंत पोचत नाही.

तिरफळं आणि कोकमं वाळवलेली, तेव्हा ती डब्यातून कुठेही जातात. डोंबिवलीत काय किंवा न्यू जर्सीत काय, ओठ तसेच झिणझिणतात. परदेशातल्या मराठी घरांत हुमण जमतं आणि हुर्राक मात्र नुसती आठवणीत राहते, ते यामुळेच. वाळलेलं प्रवास करतं, उडणारं करत नाही.

आता मनाकडे. २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला. त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनला शोभणाऱ्या शब्दांत केलं. या प्रयोगाचा दाखला देऊन वाईनतज्ज्ञ ढोंगी असतात असं म्हणण्याची फॅशन आहे. ते मला पटत नाही. ते विद्यार्थी होते आणि प्रश्न वासाला शब्द देण्याचा होता. प्रयोगातून कळलं ते एवढंच, की मेंदू नाकाचा निरोप एकट्याने वाचत नाही, डोळ्यांनी आधी काय सांगितलंय तेही विचारात घेतो.

कानाचंही तसंच. ऑक्सफर्डमध्ये बटाट्याच्या चिप्स खाणाऱ्यांना त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनवर मोठा करून ऐकवला, तर तेच चिप्स त्यांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. उलट, विमानाच्या आवाजाइतका, म्हणजे ८५ डेसिबलचा गोंगाट कानावर असेल तर गोडाची जाणीव मंदावते, असं कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१५ मधल्या अभ्यासात दिसलं. किनाऱ्यावरच्या भोंगे लावलेल्या शॅकमध्ये हुर्राक पिणाऱ्यांनी पैसे निम्मे वाया घालवले असं मी म्हणतो, ते नुसतं म्हातारपणामुळे नव्हे.

आणि गंधाचा रस्ता इतर इंद्रियांपेक्षा वेगळा आहे. बाकीचे निरोप मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातात. गंधाचे निरोप तो नाका टाळून थेट भावना आणि स्मृती हाताळणाऱ्या भागांच्या शेजारी उतरतात. भट्टीचा धूर, पायांखालचा चिकट पाचोळा, उकाडा हे सगळं त्या घोटाबरोबर एकत्र नोंदलं जातं. घरच्या सोफ्यावर ग्लास तोच असतो, पण त्या नोंदीचे बाकीचे तुकडे जागेवर नसतात. मूडवाल्यांचं इथवर बरोबर आहे.

भट्टीवाल्याला मात्र तो वास येतच नाही. एकच वास सतत येत राहिला की गंधपेशी आणि मेंदू दोघेही काही मिनिटांत त्याकडे दुर्लक्ष करू लागतात. तो जे टिपतो ते बदल: रस जरा जास्त आंबला, तळ लागत आलाय. फेणीचा कस तो डोळ्यांनीही पाहतो; बाटली हलवायची आणि फेस किती वेळ टिकतो ते बघायचं. मेक्सिकोत मेझ्काल नावाची दारू गाळणारे असेच बुडबुडे पाहतात. २०२० च्या एका अभ्यासात आढळलं, की अल्कोहोल ५० टक्क्यांच्या आसपास असताना ते बुडबुडे सर्वांत जास्त वेळ तग धरतात. म्हणजे डोळ्यांचं माप चुकीचं नव्हतं.

पाहुण्याचं नाकही दहा-पंधरा मिनिटांत भट्टीवाल्याच्या वाटेला लागतं. म्हणून पहिला घोट भट्टीवर पोचल्या पोचल्या घ्यावा, बर्फ कमी ठेवून. गारठलेल्या ग्लासातून वास उडत नाही. आधी नुसती चाखावी, मग लिम्का. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडावा. नाक थकलं तर बाहेर येऊन स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा, वाईन चाखणारे लोक असं करतात. गाडी मात्र दुसऱ्या कोणीतरी चालवावी. आणि हे सगळं मार्च ते मेमध्येच. पाऊस लागला की बोंडू जमिनीवरच कुजतात आणि भट्ट्या बंद होतात, तेव्हा जुलैत गोव्याला गेलात तर फेणी मागा.