प्रारण जैवसूचक, जनुकीय

क्ष-किरण, गॅमा किरण यांसारख्या आयनीकारी (अणूंतून इलेक्ट्रॉन उडविणाऱ्या) प्रारणामुळे पेशीतील डीएनएवर उमटलेली, मोजता येण्याजोगी खूण. अणुऊर्जा केंद्रे, रुग्णालयांतील क्ष-किरण विभाग, औद्योगिक रेडिओग्राफी इ. ठिकाणच्या कामगारांना मिळालेली मात्रा एरवी अंगावर लावलेल्या प्रारणमापक बिल्ल्यावरून ठरवितात. बिल्ला हरवला, कपाटातच राहिला किंवा त्याच्या नोंदीविषयी शंका आली, तर रक्त तपासतात. ‘जनुकीय’ हे विशेषण रूढ असले तरी सैल आहे. यांतील बहुतेक खुणा एखाद्या जनुकाच्या नसून गुणसूत्रांच्या मोडतोडीच्या आहेत.

क्ष-किरणांनी उत्परिवर्तने (आनुवंशिक द्रव्यातील बदल) होतात हे एच. जे. मलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीत दाखविले. मानवी रक्तावर असे काम करणे मात्र १९६० च्या सुमारास सुकर झाले. घेवड्यापासून मिळणाऱ्या फायटोहीमॅग्लुटिनिनामुळे रक्तातील लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी परीक्षानळीत विभागू लागतात, हे तेव्हा ध्यानात आले. गुणसूत्रांच्या बिघाडावरून मात्रा ठरविण्याच्या पद्धतीचा आरंभ कोणाचा, याबाबत दोन मते संभवतात. किरणोपचार घेतलेल्या रुग्णांच्या गुणसूत्रांतील बिघाडाचे वर्णन एडिंबरोच्या गटाने १९६० मध्येच केले होते. बिघाडाच्या प्रमाणावरून मात्रा काढण्याची कल्पना एम. ए. बेंडर व पी. सी. गूच यांनी १९६२ मध्ये मांडली. निरीक्षण एडिंबरोचे आणि मोजपट्टी बेंडर–गूच यांची, असे म्हणणे अधिक रास्त दिसते. अमेरिकेतील हॅनफर्ड या अणुकेंद्रात १९६२ मध्ये झालेल्या अपघातातील कामगारांच्या रक्तावर ती लवकरच वापरली गेली.

आजही सर्वांत भरवशाची खूण द्विकेंद्री गुणसूत्र हीच मानतात. रक्त सुमारे ४८ तास ३७° से. तापमानाला वाढवून विभाजन ऐन मध्यावस्थेत थांबवितात. काचपट्टीवर रंगविलेल्या गुणसूत्रांत एखाद्याला एकाऐवजी दोन आवळलेल्या कमरा (गुणसूत्राची केंद्रे) दिसतात आणि जवळपास केंद्र नसलेला तुटका तुकडा पडलेला असतो. प्रारणाखेरीज फार थोड्या कारणांनी असे घडते.

अडचण अल्प मात्रेत येते. प्रारण न लागलेल्या व्यक्तीतही साधारणतः १,००० पेशींत एखादे द्विकेंद्री गुणसूत्र सापडते. आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. एवढ्या गॅमा मात्रेने १,००० पेशींमागे अर्ध्या गुणसूत्राचीही भर पडत नाही. नेहमीच्या ५०० ते १,००० पेशींच्या तपासणीत सुमारे ०·१ ग्रेखालची (गॅमा किरणांसाठी १०० मिलिसिव्हर्टखालची) मात्रा पार्श्वभूमीतून वेगळी काढणे कठीण जाते. त्यातच या खुणा टिकाऊ नाहीत. त्या वाहणाऱ्या लिंफोसाइटांची संख्या काही वर्षांत निम्मी होते. म्हणून एका कामगाराविषयी निर्वाळा देण्यापेक्षा गटांची तुलना करण्यासाठी ही पद्धत अधिक उपयोगी आहे.

जुन्या मात्रेसाठी, विशिष्ट गुणसूत्रे चकाकत्या रंगांनी दाखविणाऱ्या ‘फिश’ तंत्राने स्थानांतरणे (गुणसूत्रांमधील तुकड्यांची अदलाबदल) मोजतात. ती पेशीविभाजनात टिकून राहतात. मात्र वय व धूम्रपान यांनीही वाढत असल्याने योग्य तुलनागट नसेल तर फसवितात. फेनेक व मॉर्ली यांची १९८५ ची सूक्ष्मकेंद्रक (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेल्या गुणसूत्र-तुकड्यांचे छोटे केंद्रक) चाचणी वाचायला सोपी, पण तितकी विशिष्ट नाही. गॅमा-एच२एएक्स हा प्रथिनीय सूचक डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यानंतर काही मिनिटांत उमटतो आणि साधारणतः दिवसभरात बव्हंशी ओसरतो. महिन्याकाठी होणाऱ्या तपासणीत तो निरुपयोगी.

कोणत्या प्रारणाने इजा झाली हे खुणेवरून ओळखता येईल काय, हा वादाचा मुद्दा आहे. ब्रेनर व सॅक्स यांनी १९९४ मध्ये दोन वेगळ्या गुणसूत्रांमधील व एकाच गुणसूत्राच्या अंतर्गत अशा दोन प्रकारच्या बिघाडांचे गुणोत्तर (‘एफ’) सुचविले. अल्फा कणांसारख्या दाट आयनीकारी प्रारणात ते कमी असावे, असा त्यांचा तर्क होता. प्रयोगांचे निकाल एकमुखी आले नाहीत. रशियातील मायाक या अणुद्रव्य कारखान्यातील प्लुटोनियम कामगारांत २००३ मध्ये एकाच गुणसूत्राच्या अंतर्गत झालेल्या पुनर्रचना मोठ्या प्रमाणात आढळल्या. तो पुरावा अधिक वजनदार वाटतो. पण त्या कामगारांना मिळालेल्या मात्रा अल्प नव्हत्या.

संततीबाबतची माहिती तुटपुंजी आहे. चेर्नोबिलच्या सफाई कामगारांसह प्रारण लागलेल्या पालकांच्या मुलांचे जीनोम २०२१ मध्ये तपासले गेले. पालकांच्या मात्रेनुसार नव्या उत्परिवर्तनांत वाढ दिसली नाही.