बेसबॉलवाल्यांनो, क्रीडा कोट्याचा अर्ज फॉर्म १ पाशी अडकतो

केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातल्या खेळांची यादी सप्टेंबर २०२० मध्ये ४३ वरून ६३ झाली आणि बेसबॉल त्यात आला. भरती गट 'क'च्या पदांवर होते. पण यादीत खेळ आहे म्हणजे जागा आहे असं नाही. नागपुरातल्या एखाद्या केंद्रीय कार्यालयाची जाहिरात आली की आधी त्यात बेसबॉल लिहिलंय का ते बघा.

भारताकडून खेळलेल्यांना पहिलं प्राधान्य, आणि त्याचा पुरावा म्हणजे फॉर्म १, ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र. पदक, स्पर्धेचं रंगीत प्रमाणपत्र, भारताच्या जर्सीतला फोटो, यातलं काहीच त्याच्या जागी चालत नाही. सही खेळाच्या राष्ट्रीय महासंघाच्या सचिवांची, त्यांनी स्वतः केलेली हवी. फॉर्मच्या तळाशी तसं छापलेलंच असतं, पण तिथवर कुणी वाचत नाही. एका मुलीने फॉर्म लॅमिनेट करून जपून आणला होता. मी पाहिलं तर सहीपुढे 'करिता' लिहून दुसऱ्याच पदाधिकाऱ्याची सही. अर्ज बाद झाला. तिची काय चूक होती?

त्याहून वाईट अडचण परवानगीची. स्पर्धेला केंद्रीय क्रीडा विभागाची मान्यता असेल तरच ते प्राधान्य मिळतं. ती घ्यायची महासंघाने, भोगायचं खेळाडूने. आईबाप उसनवारी करून पोराला परदेशी पाठवतात आणि वर्षांनी कळतं की मान्यताच नव्हती. म्हणून निघण्याआधीच मान्यतेच्या पत्राची प्रत मागा. लाजू नका.

विभागीय क्रीडा उपसंचालकांचा खेळाच्या प्रमाणपत्रांचा पडताळणी अहवाल राज्य सरकारी नोकऱ्यांतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी असतो, केंद्रासाठी नाही. दोन्हीकडे अर्ज करायचा तर दोन्ही कागद लागतील.

राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळला असाल तर फॉर्म २, आंतरविद्यापीठ स्पर्धांना ३, शालेय राष्ट्रीयला ४. वयात ५ वर्षांची सवलत, अनुसूचित जाती-जमातींना १०.

फॉर्म १ महासंघाच्या दप्तरातल्या नोंदीवरून देतात. तिथे नाव किंवा वडिलांचं नाव चुकलं असेल तर दुरुस्तीलाच महिने जातात. जाहिरातीची वाट बघू नका. स्पर्धेहून परतलात की त्याच आठवड्यात निवडपत्र आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती जोडून महासंघाला स्पीड पोस्टाने अर्ज करा, पोचपावती जपून ठेवा.