मावशी, एका टीबीत डीव्हीडी किती?

भाची फोटोंनी काठोकाठ भरलेली हार्ड डिस्क घेऊन आली. खोक्यावर 1 टीबी, म्हणजे एक टेराबाइट, छापलेले. एवढे सगळे डीव्हीडींवर उतरवून ठेवायचे, तर किती आणायच्या? तिने डिस्क विंडोजला जोडली, पडद्यावर 931 जीबी दिसले. डीव्हीडीच्या वेष्टनावर 4.7 जीबी असते. 931 भागिले 4.7, उत्तर 198.1, म्हणजे 199 डीव्हीडी. मी भाजी निवडता निवडता तोंडी हिशोब केला, तो आला 213.

मधल्या चौदा कुठे गेल्या?

तिच्या भागाकारात वरचा जीबी एका मापाचा होता आणि खालचा दुसऱ्या. पूर्वी शेर-पायली गावागणिक बदलायची, तसाच प्रकार. डिस्क बनवणारे दशमानात मोजतात: एक जीबी (गिगाबाइट) म्हणजे 1,00,00,00,000 बाइट, नेमके शंभर कोटी, आणि असे हजार जीबी म्हणजे एक टीबी. बाइट हे माहिती मोजायचे मूळ माप. विंडोज मोजते 1024च्या पटीत. 1024 ला 1024 ने दोनदा गुणले की 1,07,37,41,824 बाइट होतात, आणि त्यालाही ते जीबीच म्हणते. या मोठ्या मापाला 1998 साली ‘गिबीबाइट’ असे वेगळे नाव दिले गेले, पण ते कुणाच्या जिभेवर रुळले नाही. ॲपलने 2009 मध्ये मॅकवर दशमान माप घेतले. भाचीकडे मॅक असता तर तिला सरळ 1 टीबी दिसले असते आणि माझी भाजी लवकर निवडून झाली असती.

डीव्हीडीवरचे 4.7 हे दशमानातले. विंडोजच्या मापाने तीत 4.38 जीबीच बसतात. आता 931 ला 4.38 ने भागा: 212 आणि वर थोडे, म्हणजे 213. ते ‘वर थोडे’ सोडता येत नाही, कारण पाऊण डीव्हीडी दुकानात मिळत नाही.

आकडा मोठा होत जातो तशी ही तफावतही फुगते. केबीला 2.4 टक्के, जीबीला 7.4, टीबीला जवळपास 10, पीबीला (पेटाबाइट, म्हणजे हजार टीबी) 12.6. जाता जाता, या आकड्यांना आपल्याकडे नावे आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या यादीत एकावर बारा शून्ये म्हणजे महापद्म आणि पंधरा म्हणजे अंत्य. टेराबाइटची डिस्क म्हणजे खिशात एक महापद्म बाइट. पेटाबाइट म्हणजे अंत्य, तरी यादी तिथे संपत नाही, पुढे मध्य आणि परार्ध आहेतच!

सीडीची गंमत वेगळी. तिच्यावरचे ‘700 एमबी’ 1024च्या मापातले असते, म्हणजे डीव्हीडीच्या बरोबर उलट. सीडीचे माप मुळात गाण्यांवरून ठरलेले. 80 मिनिटांच्या सीडीत दर सेकंदाला 75 याप्रमाणे 3,60,000 सेक्टर, म्हणजे माहितीचे कप्पे, असतात. गाणे असेल तर एका सेक्टरमध्ये 2,352 बाइट बसतात, फाइल असेल तर 2,048 च. उरलेले 304 बाइट सेक्टरची ओळख, पत्ता आणि चुकांची दुरुस्ती यांत खर्च होतात. ओरखड्यामुळे गाण्याचा एखादा कण वाचता आला नाही, तर प्लेअर आजूबाजूचे कण पाहून तो अंदाजाने भरतो, कानाला पत्ताही लागत नाही. पासबुकातला आकडा असा अंदाजाने भरून कसे चालेल? म्हणून त्याच सीडीत गाणी 84.67 कोटी बाइटची मावतात आणि फाइली 73.73 कोटींच्या.

माझ्या 213 मध्येही एक खोट होती. फाइली म्हणजे तांदूळ नव्हेत, डब्यात ओतल्या की कोपऱ्यापर्यंत पसरायला. भाचीकडे फोटोंऐवजी अडीच-अडीच जीबीचे 400 व्हिडिओ असते, तरी बेरीज एक टीबीच झाली असती. पण एका डीव्हीडीत असे दोन बसत नाहीत. तुकडे न करता ठेवायचे तर 400 डीव्हीडी लागल्या असत्या.

वृत्तपत्रांना मात्र अशा तुलना फार प्रिय. फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवर सर्न या संशोधन संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचे, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या प्रचंड यंत्राचे, काम सुरू झाले, तेव्हा सांगितले जाई की वर्षाला 15 पेटाबाइट माहिती साठेल, म्हणजे दुहेरी थराच्या 17 लाखांहून अधिक डीव्हीडी. ताडून पाहा, 15 पेटाबाइटला 8.5 जीबीने भागले की 17.6 लाख येतात. चकती 1.2 मिलिमीटर जाड, म्हणजे चळत 2.1 किलोमीटर उंच, कळसूबाईपेक्षा (1,646 मीटर) उंच. पण हीच माहिती सीडींवर घेतली तर चळत 24 किलोमीटरवर जाते, आणि 25 जीबीच्या ब्ल्यू-रेवर 720 मीटरवर येते. माहिती तीच, चकतीची जाडीही तीच. बदलतो तो चकतीवरच्या नागमोडी नव्हे, गोगलगायीच्या शंखासारख्या वळत जाणाऱ्या रेघेचा दाटपणा. सीडीत शेजारच्या दोन फेऱ्यांत 1.6 मायक्रॉन अंतर असते, डीव्हीडीत 0.74, ब्ल्यू-रेत 0.32. लेझरचा रंगही त्यानुसार सरकतो: सीडीला 780 नॅनोमीटरचा अवरक्त, डीव्हीडीला 650चा तांबडा, ब्ल्यू-रेला 405चा जांभळा. तरंगलांबी कमी, तितका ठिपका बारीक. त्यामुळे चळतीची उंची ऐकून माहिती किती ते कळतेच असे नाही, चकती कोणत्या काळातली ते मात्र नक्की कळते.

खरे तर सर्न चकत्यांची चळत रचतच नाही. तिथली माहिती दीर्घकाळ जपली जाते ती चुंबकीय फितीवर, कॅसेटच्या धाकट्या-थोरल्या भावंडांत. आज मिळणाऱ्या 18 टीबीच्या एलटीओ कॅसेटी घेतल्या, तर 15 पेटाबाइटला 834 पुरतात.

भाचीचे काय झाले? 213 डीव्हीडींची चळत जेमतेम वीतभर, पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर झाली असती, म्हणून ती तयारही होती. मग लक्षात आले की तिच्या नव्या लॅपटॉपला डीव्हीडी सरकवायची फटच नाही. तिने दुसरी हार्ड डिस्क आणली. खोक्यावर 1 टीबी. जोडली, आणि पडद्यावर पुन्हा 931.