चांद्रयानाच्या समर्थनासाठी चक्रीवादळ पुढे करू नका

सरकारने अवकाशावर पैसा खर्च करावा का, हा वाद निघाला की दोन्ही बाजू एकाच ठिकाणी घसरतात. विरोधक चांद्रयानाचा खर्च दाखवून सगळ्या इस्रोलाच उधळपट्टी ठरवतात. समर्थक त्याच चांद्रयानाच्या बचावासाठी चक्रीवादळाचे इशारे, दूरदर्शन आणि मच्छीमारांना मिळणारी माहिती पुढे करतात. यांतले काहीही चंद्रावर गेल्यामुळे मिळालेले नाही. अवकाश-अन्वेषण (चंद्र-ग्रहांचा शोध) आणि अवकाश-उपयोजन (उपग्रहांचा रोजच्या कामांसाठी वापर) ही एकाच संस्थेची दोन कामे असली, तरी त्यांचा हिशेब वेगळा आहे.

अन्वेषण सर्वांना ठाऊक आहे. २००८चे चांद्रयान-१, २०१३चे मंगळयान, २०१९ मध्ये चंद्रावर उतरताना कोसळलेला चांद्रयान-२चा विक्रम लँडर आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेले चांद्रयान-३ यांविषयी शाळकरी मुलेही सांगतील.

उपयोजनातले उपग्रह मात्र पृथ्वीकडे तोंड करून असतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहांनी टिपलेला समुद्राचा रंग आणि पृष्ठभागाचे तापमान पाहून मासळी कुठे असण्याची शक्यता आहे, हे कळवते. त्या सूचनेत किनाऱ्यावरच्या ठरावीक ठिकाणापासूनची दिशा, अंतर आणि पाण्याची खोली दिलेली असते, आणि कोकणातला तांडेल ती पाहून नौका वळवतो तेव्हा त्याचे डिझेल वाचते. हा लाभ रुपयांत मोजता येतो. चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश आहे हे चांद्रयान-१ वरच्या अमेरिकी उपकरणाने दाखवून दिले, त्याची किंमत अशी डिझेलच्या लिटरांत सांगता येत नाही, आणि ती सांगण्याचा आटापिटाही करू नये.

धोक्याचा अर्थही दोन्हीकडे निराळा आहे. विक्रम कोसळला त्या रात्री देश हळहळला, पण कुणाची रोजची सेवा बंद पडली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही, तेव्हा डोळ्यांत पाणी आल्याचे कुणी दाखवले नाही. मात्र मुळातच उपग्रह कमी पडत असलेल्या 'नाविक' या भारताच्या दिशादर्शन यंत्रणेचे नुकसान खरे होते. आपल्याकडे रडू येते ते अन्वेषणातल्या अपयशावर आणि झळ बसते ती उपयोजनातल्या.

मला सर्वांत खटकते ते भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांच्या विधानाचे अर्धे उद्धरण. प्रगत तंत्रज्ञान समाजाच्या प्रश्नांसाठी वापरण्यात आपण कुणाच्या मागे राहता कामा नये, एवढेच प्रत्येक चांद्रमोहिमेच्या वेळी फलकांवर झळकते. त्याच विधानात, चंद्र, ग्रह किंवा मानवी अंतराळयात्रा यांत श्रीमंत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आपण पाहत नाही, असेही त्यांनी स्पष्ट म्हटले होते. त्यांचा युक्तिवाद उपयोजनाच्या बाजूचा होता. पुढच्या पिढीने वेगळा निर्णय घेतला, तो तिचा अधिकारच होता; पण मग समर्थनही तिने स्वतःचे द्यावे.

मंगळयान किलोमीटरमागे रिक्षापेक्षा स्वस्तात गेले, हाही असाच निरुपयोगी युक्तिवाद. सुमारे ४५० कोटींच्या त्या यानावर शास्त्रीय उपकरणे होती जेमतेम १५ किलोंची. खर्च कमी झाला यावरून तो योग्य ठिकाणी झाला, असे ठरत नाही. ते त्या १५ किलोंनी काय शोधले यावरून ठरते.

हा घोळ माणसाला अंतराळात पाठवण्याच्या गगनयानाच्या बाबतीत सर्वांत महागात पडतो. भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागासह या कार्यक्रमाची मंजूर रक्कम २०२४ मध्ये २०,१९३ कोटी झाली, म्हणजे तिन्ही चांद्रयाने आणि मंगळयान यांच्या एकत्रित खर्चाच्या आठपटींहून अधिक. शिवाय इथे जोखीम यंत्राची नसून माणसाच्या जिवाची आहे. यंत्रमानवी मोहिमांना माझा निःसंकोच पाठिंबा आहे, कारण चंद्राविषयी नवे काही कळणे हे त्या रकमेचे पुरेसे मोल आहे, असे मी मानतो. गगनयानाविषयी मी अजून साशंक आहे, आणि ती शंका फेडायची असेल तर माणूस वर गेल्याने यंत्राला न साधणारे नेमके काय साधेल, हे मला कुणीतरी सांगावे. त्यासाठी ओडिशाच्या किनाऱ्यावरचे वादळ दाखवू नये.