दोन-तृतीयांशचा हिशेब : पक्षांतरबंदी कायद्याची पार्श्वभूमी

जून 2019मध्ये तेलंगणात एका राष्ट्रीय पक्षाच्या 18 आमदारांपैकी 12 जण दुसऱ्या पक्षात ‘विलीन’ झाले. पुढच्याच महिन्यात गोव्यात त्याच पक्षाचे 15 पैकी 10 गेले. नोव्हेंबर 2021मध्ये मेघालयात 17 पैकी 12, आणि सप्टेंबर 2022मध्ये पुन्हा गोव्यात 11 पैकी 8. गेले ते तीन वेगवेगळ्या पक्षांत, पण चारही आकडे, कायद्याने विलीनीकरणासाठी आखलेल्या दोन-तृतीयांशच्या रेषेवर नेमके बसतात. कुठेही एक जण कमी पडला असता, तर सगळेच अपात्रतेच्या कक्षेत आले असते. तेलंगणातली बेरीज तर आणखी नाजूक होती. पक्षाचे मुळात 19 आमदार होते, म्हणजे 13 लागले असते. त्यांतला एक जण लोकसभेवर निवडून गेला, त्याने आमदारकी सोडली, ताकद 18वर आली आणि 12 पुरेसे ठरले.

कायदा झाला होता तो अशा उड्या थांबवण्यासाठी. त्याच कायद्यातला ‘विलीनीकरण’ हा शब्द उडी मारण्याची रीतसर पायरी कसा झाला, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

1967च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत कोणाकडेच धड बहुमत उरले नाही. मार्च 1967 ते फेब्रुवारी 1968 या 12 महिन्यांत किमान 438 पक्षांतरे झाली. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंतच्या सगळ्या काळात मिळून ती साधारण 542 होती. निवडून आलेल्या 376 अपक्षांपैकी 157 जण कुठल्या ना कुठल्या पक्षात गेले. हरियाणातल्या एका आमदारावरून ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, तो याच काळात. पण खरा बोलका आकडा वेगळाच आहे. सात राज्यांतल्या 210 पक्षांतर करणाऱ्यांपैकी 116 जण, स्वतः उभ्या केलेल्या सरकारात मंत्री झाले. म्हणजे निम्म्याहून जास्त जणांना मोबदला थेट खुर्चीच्या रूपात मिळाला.

डिसेंबर 1967मध्ये लोकसभेने ठराव केला आणि केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हे गृहमंत्री महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री. समितीचा अहवाल 1969च्या सुरुवातीला आला. दुखणे मंत्रिपदाच्या आमिषात आहे हे तिने ओळखले होते. म्हणून तिच्या शिफारशींचा रोख पक्षांतर करणाऱ्याला ठरावीक काळ मंत्रिपद न देण्यावर आणि मंत्रिमंडळाचा आकार बांधून टाकण्यावर होता. पुढे 1973 आणि 1978मध्ये आलेली घटनादुरुस्ती विधेयके बारगळली. 1985मध्ये 52वी दुरुस्ती मात्र दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार पडली: 30 जानेवारीला लोकसभा, 31ला राज्यसभा. 1 मार्च 1985पासून राज्यघटनेला दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, जोडली गेली.

मंत्रिपदाच्या आमिषावरची तोड त्या दुरुस्तीत नव्हती. ती यायला 2003 उजाडले. तोवर 18 वर्षे हा कायदा एका विचित्र गणितावर चालला. एकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाणार, पण विधिमंडळ पक्षाच्या एक-तृतीयांश सदस्यांनी मिळून सोडला तर ती ‘फूट’, आणि फुटीला अभय. किरकोळ विक्रीवर बंदी आणि घाऊक विक्रीला परवाना, असाच हा प्रकार होता.

हा हिशेब कसा वापरला गेला याचा नमुना उत्तर प्रदेशात सापडतो. ऑगस्ट 2003मध्ये एका पक्षाच्या 13 आमदारांनी राज्यपालांना भेटून विरोधी गटाला पाठिंब्याचे पत्र दिले. त्यांच्या अपात्रतेची याचिका विधानसभेच्या अध्यक्षांपुढे गेली, ती तशीच पडून राहिली. दरम्यान ‘फूट’ मानायला लागणारी संख्या हळूहळू जमवली गेली. सप्टेंबरमध्ये 37 जणांनी दावा केला, पक्षाचे आमदार 109, म्हणजे इथेही नेमका एक-तृतीयांश. फुटीचा दावा त्याच दिवशी मान्य झाला. आधीची याचिका मात्र बाजूलाच राहिली. फूट सिद्ध करायची तर पहिल्या 13 जणांनी पाऊल उचलले त्या दिवशी संख्या हवी होती, नंतर भरती करून चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2007मध्ये सांगितले आणि त्या 13 जणांना स्वतःच अपात्र ठरवले. तोवर विधानसभेची मुदत संपत आली होती.

2003च्या 91व्या दुरुस्तीने फुटीचा परिच्छेद काढून टाकला, मंत्रिमंडळ सभागृहाच्या 15 टक्क्यांवर आणले आणि अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद बंद केले. महाराष्ट्रात 288च्या सभागृहात याचा अर्थ जास्तीत जास्त 43 मंत्री. पण लहान राज्यांसाठी किमान 12ची सवलत ठेवली. गोव्याच्या 40 सदस्यांच्या विधानसभेत 15 टक्के म्हणजे 6. सवलतीमुळे 12 मंत्री चालतात. 21 आमदारांच्या काठावरच्या बहुमतात निम्म्याहून जास्त जणांना मंत्री करता येते. जिथे पाच-सात आमदार इकडचे तिकडे झाले की सरकार पडते, तिथेच आमिषाला सर्वांत जास्त जागा ठेवली गेली.

फूट गेली, विलीनीकरण राहिले. आता त्याची उकल, कारण पुढची सगळी भांडणे दहाव्या अनुसूचीच्या चौथ्या परिच्छेदातल्या दोन उपपरिच्छेदांवर अडली आहेत.

पहिला उपपरिच्छेद म्हणतो, सदस्याचा ‘मूळ राजकीय पक्ष’ दुसऱ्या पक्षात विलीन झाला, तर त्यासोबत जाणारा सदस्य अपात्र होत नाही. विलीनीकरण न मानता वेगळा गट म्हणून बसणाराही होत नाही. दुसरा म्हणतो, संबंधित ‘विधिमंडळ पक्षाच्या’ किमान दोन-तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणाला संमती दिली, तरच आणि तेव्हाच मूळ पक्षाचे विलीनीकरण झाले असे मानले जाईल. पहिल्यात मूळ पक्ष, दुसऱ्यात विधिमंडळ पक्ष. अनुसूचीच्या व्याख्येतच हे दोन शब्द वेगळे आहेत: एक म्हणजे रस्त्यावरचा, शाखा-कार्यकारिणीचा, निवडणूक चिन्ह असलेला पक्ष, दुसरा म्हणजे एका सभागृहातला त्याच्या सदस्यांचा गट.

एक वाचन असे की अटी दोन आहेत. आधी मूळ पक्षाने, म्हणजे त्याच्या कार्यकारिणीने किंवा अधिवेशनाने, विलीन व्हायचे ठरवले पाहिजे. मग विधिमंडळातल्या दोन-तृतीयांशांनी त्याला होकार द्यायचा. दुसरे वाचन असे की ‘मानले जाईल’ हे शब्दच सगळे सांगतात. दोन-तृतीयांश आमदार तयार झाले की बाहेरचा पक्ष काय म्हणतो याला महत्त्व नाही, कायदा विलीनीकरण झाले असे गृहीत धरतो. फेब्रुवारी 2022मध्ये गोव्यातल्या 10 आमदारांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने दुसरे वाचन उचलून धरले.

पण ‘तरच आणि तेव्हाच’ ही शब्दरचना अट घट्ट करणारी आहे, मूळची अट पुसणारी नाही. गोव्यातच बघा. 2019मध्ये जो पक्ष कागदावर दुसऱ्या पक्षात विलीन झाला, तोच 2022च्या निवडणुकीत आपल्या जुन्या चिन्हावर उभा राहिला, त्याचे 11 आमदार निवडून आले आणि सप्टेंबरमध्ये तो पुन्हा एकदा त्याच पक्षात विलीन झाला. तीन वर्षांत दोनदा विलीन होऊनही तो देशभर शाबूत आहे. दूध पाण्यात मिसळले की वेगळे काढता येत नाही. इथे दूध दर निवडणुकीला पुन्हा बाटलीत हजर. शिवाय मोजणी सभागृहागणिक होते, म्हणून पक्ष विधानसभेत ‘विलीन’, राज्यसभेत विरोधी बाकांवर आणि शेजारच्या राज्यात सत्तेवर, अशी स्थिती कायद्याला मान्य आहे. मतदाराने चिन्ह बघून मत दिले होते, या गोष्टीला या वाचनात कुठेच जागा उरत नाही.

महाराष्ट्रात 2022मध्ये घडले ते याहूनही वेगळे. 55 आमदारांच्या पक्षात दोन-तृतीयांश म्हणजे 37, आणि बाहेर पडलेल्या गटाकडे तेवढे होतेही. पण कोणी कुठे विलीन झालेच नाही. फूट कायद्यात उरली नव्हती आणि विलीन व्हायचे तर नाव-चिन्ह सोडावे लागले असते. म्हणून तिसरी वाट निघाली: आम्ही बाहेर पडलोच नाही, आम्हीच मूळ पक्ष. दहाव्या अनुसूचीत या दाव्यासाठी एकही परिच्छेद नाही. त्याची जागा आहे 1968च्या निवडणूक चिन्ह आदेशात, जिथे एकाच पक्षाचे दोन गट भांडले तर निवडणूक आयोग चिन्ह कोणाचे ते ठरवतो. फेब्रुवारी 2023मध्ये आयोगाने विधिमंडळातले संख्याबळ पाहून नाव आणि चिन्ह बाहेर पडलेल्या गटाला दिले.

11 मे 2023च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दोन्ही शब्द पुन्हा वेगळे केले. प्रतोद (सभागृहात पक्षादेश बजावणारा) आणि गटनेता यांना राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही. फूट हा बचाव आता उपलब्ध नाही. राज्यपालांनी बहुमत चाचणीला सांगणे समर्थनीय नव्हते. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता 29 जून 2022 रोजी राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येणार नाही. अपात्रता अध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावी. अध्यक्षांचा निर्णय आला 10 जानेवारी 2024 रोजी. पक्षाच्या घटनेची कोणती प्रत ग्राह्य धरायची हा वाद त्यात निर्णायक ठरला. निवडणूक आयोगाच्या नोंदीत होती ती 1999ची. 2018ची सुधारित घटना विचारात घेतली गेली नाही. शेवटी मूळ पक्ष कोण याचे उत्तर पुन्हा आमदारांच्या संख्येतच शोधले गेले. दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र झाला नाही. न्यायालयाने वेगळे केलेले दोन शब्द आठ महिन्यांत पुन्हा एक झाले.

शब्दांचा गुंता हे एक दुखणे. दुसरे म्हणजे वेळ. याचिका अध्यक्षांकडे जाते, आणि अध्यक्ष निवडून येतात ते बहुधा सत्ताधारी पक्षाकडूनच. नियमांप्रमाणे सदस्याला म्हणणे मांडायला सात दिवस मिळतात. पण निर्णय कधी द्यायचा याला अनुसूचीत मुदतच नाही. त्यामुळे घड्याळ अध्यक्षांच्या सोयीने धावते. जून 2022मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या उपाध्यक्षांनी 16 आमदारांना 48 तासांची नोटीस दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत 12 जुलैपर्यंत वाढवली, आणि दरम्यान सरकारच बदलले. नव्या अध्यक्षांपुढे त्याच वादाला दीड वर्ष लागले. आधीची घाई आणि नंतरचा संथपणा, दोन्ही एकाच त्रुटीतून येतात.

1992मध्ये सर्वोच्च न्यायालयात 3 विरुद्ध 2 मतांनी अध्यक्षांचा अधिकार टिकला, पण न्यायालयीन तपासणी बंद करणारा सातवा परिच्छेद रद्द झाला, कारण निम्म्या राज्यांची संमती घेतली गेली नव्हती. तपासणी मात्र सहसा निर्णय झाल्यावर. निर्णयच न देणाऱ्याचे काय, हा प्रश्न राहिला. 2020मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने साधारण तीन महिन्यांची मर्यादा सांगितली आणि हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा असे सुचवले. जुलै 2025मध्ये तेलंगणाच्या 10 आमदारांबाबत पुन्हा तीन महिन्यांचाच आदेश द्यावा लागला. न्यायाधिकरण झालेले नाही.

गोव्याने या कायद्याला आणखी एक निकाल दिला आहे. 1994मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे’ म्हणजे केवळ राजीनामा नव्हे, वागण्यावरूनही ते ठरते. दोन आमदार दुसऱ्या पक्षाच्या नेत्यासोबत राज्यपालांकडे गेले, तेवढे पुरेसे झाले. याच निकालामुळे 2003च्या 13 जणांना पकडता आले. आणि याच निकालाला वळसा घालण्यासाठी 2019मध्ये कर्नाटकात दुसरी युक्ती वापरली गेली: पक्ष सोडायचाच नाही, थेट आमदारकीचा राजीनामा द्यायचा. 224च्या सभागृहातून 17 जण कमी झाले की बहुमताचा आकडा 113वरून 104वर येतो. 23 जुलै 2019 रोजी सरकार 99 विरुद्ध 105ने पडले. अध्यक्षांनी या 17 जणांना विधानसभेची मुदत संपेपर्यंत अपात्र केले होते. न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, मुदतीची बंदी काढली. डिसेंबरमध्ये 15 जागांवर पोटनिवडणूक झाली आणि त्यांतल्या 12 नव्या सत्ताधारी पक्षाने जिंकल्या. मार्च 2020मध्ये मध्य प्रदेशात 22 आमदारांनी हीच वाट धरली, आणि तिथे काही जण आमदार नसतानाच मंत्री झाले. आमदार नसताना सहा महिने मंत्री राहण्याची सवलत घटनेतच आहे.

या सगळ्यात कायद्याची जी बाजू रोज लागू होते ती मागे पडते. पक्षादेश, म्हणजे मत कसे द्यायचे याचा पक्षाचा हुकूम, फक्त विश्वासदर्शक ठराव किंवा पक्षाच्या मूळ धोरणाशी जोडलेल्या विषयांपुरता असावा, असे 1992च्याच निकालात सुचवले होते. प्रत्यक्षात तो साध्या विधेयकांवरही निघतो. विरोधात मत दिले आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केले नाही, तर एकट्या आमदाराची जागा जाऊ शकते. 37 जणांच्या गटाला ही भीती नसते.

महाराष्ट्रातल्या अध्यक्षांच्या निर्णयाला दिलेले आव्हान प्रलंबित असतानाच नोव्हेंबर 2024मध्ये त्या विधानसभेची मुदत संपली.