टेस्टर पेटतो, पण पंखा फिरत नाही

इंदूरच्या रामबागेत जुन्या वायरिंगची घरं अजून आहेत. अशा घरात कधीतरी पंखा थांबतो, ट्यूब विझते आणि टेस्टर लावावा तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. घरातले गोंधळतात. मिस्त्री मात्र पिशवीतून होल्डरला लावलेला साधा बल्ब काढतो. त्याची एक वायर फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला, दुसरी न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला. बल्ब पेटत नाही. दुसरी वायर अर्थिंगला, म्हणजे जमिनीला जोडलेल्या तारेला, लावली की लख्ख पेटतो. "काकू, दोन फेज नाही आलेले. न्यूट्रल कट झालाय."

न्यूट्रल तुटला की पंख्यातून वीज वाहत नाही, आणि प्रवाहच नसल्यामुळे पंख्याच्या गुंडाळीत विजेचा दाब (व्होल्टेज) खर्च होत नाही. बटण चालू असेल तर फेजचे 230 व्होल्ट पंख्यातून पार होऊन न्यूट्रलच्या तुटलेल्या टोकापर्यंत येऊन थांबतात. तिथे हात लागला तर झटका खराच बसतो. टेस्टरमधल्या निऑनच्या इवल्या नळीला मात्र फारच थोडी वीज पुरते. तिच्याजोडीला साधारण 10 लाख ओहमचा रोध असतो, त्यामुळे आपल्या अंगातून पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी वीज जाते आणि ती जाणवतही नाही. 60 वॅटचा बल्ब 260 मिलिअँपिअर मागतो. दाब आहे एवढंच टेस्टर सांगतो; काम करण्याइतका प्रवाह मिळतोय का, ते बल्ब सांगतो. एकाच पाइपातून गेलेल्या वायरींपैकी बंद वायरीवरही शेजारच्या फेजमुळे टेस्टर मंद पेटतो, तो याच कारणाने. बल्ब तिथे पेटणार नाही.

इंदूरच्याच महाराणी रोडवर मिस्त्रीच्या या तपासणीच्या दिव्याचं सगळं सामान मिळतं: बॅकेलाइटचा होल्डर, दुहेरी आवरणाची वायर, फक्त टोक उघडं असलेल्या दोन पिना. बल्ब जुन्या तारेचाच हवा. दाब कमी असेल तर तो पिवळट, मंद जळतो आणि तेवढ्यावरून अंदाज येतो. एलईडी बल्ब कमी दाबातही बहुधा तेवढाच प्रकाश देत राहतो. कारखान्यात दोन फेजमध्ये 400 व्होल्टच्या वर दाब असतो. तिथे एकटा बल्ब फुटेल, म्हणून दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडतात.

पण हा दिवा शिकलेल्या हातातच राहावा, असं मी आग्रहाने सांगेन. अर्थिंगच कुठे तुटलेलं असेल, तर तपासताना बल्बमधून आलेली वीज फ्रिजच्या आणि गीझरच्या पत्र्यावर उतरते, आणि त्याच वेळी कोणी फ्रिज उघडत असेल तर जिवावर बेतू शकतं.

घरी करायचा तो सेलवरचा तपासणीचा दिवा. दोन पेन्सिल सेल सिरीजमध्ये, एक लाल एलईडी, 100 ओहमचा रेझिस्टर आणि दोन लांब वायरी. सेलचे 3 व्होल्ट, त्यातले जवळपास 2 एलईडी घेतो, उरलेल्या 1 व्होल्टमुळे 100 ओहममधून 10 मिलिअँपिअर वाहतात. इतक्याने एलईडी छान पेटतो. एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे ठेवायचा. भिंतीतल्या सॉकेटला हा दिवा कधीही लावायचा नाही. वस्तूचा प्लग काढूनच तपासायचं.

इस्त्री घ्या. बटण फिरवून चालू स्थितीत ठेवा आणि प्लगच्या दोन बारक्या पिनांना वायरी लावा. पेटला तर कॉइल आणि कॉर्ड शाबूत. नाही पेटला तर कॉर्ड प्लगपाशी आणि इस्त्रीच्या तोंडाशी हळूहळू वाकवून बघा. बहुतेक वेळा तार तिथेच तुटते, आणि मध्येच लुकलुकला तर जागा सापडली. मग एक वायर इस्त्रीच्या तळाच्या पत्र्याला लावा. दुसरी जाड पिनेला लावल्यावर दिवा पेटायलाच हवा, ते अर्थिंग. बारक्या पिनेला लावल्यावर मात्र पेटता कामा नये. पेटला, तर ती इस्त्री दुरुस्त होईपर्यंत सॉकेटला लावू नका.