न उकळलेला काढा

सकाळचे सहा वाजलेले आणि दक्षिणी पद्धतीच्या कॉफी फिल्टरच्या खालच्या भांड्यात जेमतेम चमचाभर कॉफी. वरच्या भांड्यातलं पाणी अर्ध्या तासापूर्वी ओतलं तेवढंच्या तेवढं. चमच्याने टकटक केली, भांडं हलवून पाहिलं, शेवटी शेजारच्या मामींचं दार वाजवलं. मामी तमिळ, चाळीस वर्षं डोंबिवलीत काढल्यामुळे मराठी आमच्याइतकंच सवयीचं. त्यांनी वरचं भांडं दोन बोटांनी किंचित उचललं आणि पुन्हा टेकवलं. बारीक ‘फुस्स’ झालं, खाली टप टप सुरू झालं. “अगं, वारा अडकला होता,” एवढं बोलून मामी आपल्या गॅसवरच्या दुधाकडे पळाल्या.

वारा अडकून कॉफी कशी थांबेल, हे मला घरी येऊन कागदावर मांडावं लागलं. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं, त्यावर पूड, पुडीवर मधे दांडी असलेली भोकांची चकती. पाणी खाली उतरतं ते निव्वळ स्वतःच्या वजनाने. पाच सेंटीमीटर उंचीच्या पाण्याचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या फार तर दोनशेव्या हिश्श्याइतका. एस्प्रेसोच्या यंत्रात हाच दाब हवेच्या नऊ पट असतो! आता खालच्या भांड्यात २०० मिलिलिटर हवा आहे आणि दोन्ही भांड्यांमधली फट ओली होऊन बंद झाली आहे, असं समजा. एक मिलिलिटर कॉफी खाली पडली की तेवढी हवा दाबली जाते आणि तिचा दाब बरोबर दोनशेव्या हिश्श्याने वाढतो. झालं, वरचं आणि खालचं समान. शिवाय गरम थेंबांनी ती हवा दीड अंशाने तापली तरी तेवढाच दाब वाढतो. म्हणजे दोन बोटांचं ते उचलणं हाच खरा इलाज.

खाली जमतं त्याला दक्षिणेत डिकॉक्शन म्हणतात. हा शब्द खरं तर चुकीचा आहे. डिकॉक्शन म्हणजे काढा. सुंठ, गवती चहा पाण्यात टाकून आटेपर्यंत उकळायचं, तो. आपल्या घरची कॉफी याच वाटेने जाते. दूध, पाणी, साखर, कॉफी एकत्र खदखदवायची आणि वरून जायफळ किसायचं. (कॉफीचा उकळून आलेला कडवटपणा झाकायलाच ते जायफळ आलं असावं, असा माझा जुना संशय आहे. मामींना विचारलं तर म्हणाल्या, “कॉफीत? ते पायसममध्ये घाला.”) फिल्टरमध्ये मात्र कॉफी एकदाही उकळत नाही. पाणी उकळायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि नव्वद-पंचाण्णव अंशांवर पुडीवर ओतायचं.

यामागचं कारण पुडीतच आहे. भाजलेल्या कॉफीतला साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा काढायचा नसतो. १८ ते २२ टक्के निघाला की चव जुळून येते. हलकी आम्लं, सुगंधी पदार्थ आणि बरंचसं कॅफिन लवकर सुटतं, जड कडू आणि तुरट पदार्थ रेंगाळत येतात. उकळत राहिलं की तेही येतात आणि सुगंध वाफेबरोबर आधीच उडून गेलेला असतो. फिल्टरमधलं पाणी उतरता उतरता निवतही जातं, त्यामुळे शेवटी शेवटी कडू पदार्थ फारसे ओढले जात नाहीत.

म्हणजे सगळं अवलंबून आहे ते पाणी पुडीत किती वेळ राहतं यावर. पूड फार जाड असेल तर पाणी धावत सुटतं आणि खाली चहासारखं काहीतरी जमतं. मैद्यासारखी बारीक असेल तर भोकं तुंबतात. चकतीचं काम दाबण्याचं नाही, ओतलेल्या पाण्याच्या धारेने पुडीत खड्डा पडू नये एवढंच. मी आधी ती जोर लावून दाबत असे, तेही चुकत होतं. ताज्या भाजलेल्या पुडीत कार्बन डायॉक्साइड कोंडलेला असतो. पहिलं पाणी पडताच तो फसफसून बाहेर येतो, त्याला वाट हवी.

आणखी एक हिशेब. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसते. २५ ग्रॅम पुडीवर १२० मिलिलिटर पाणी घातलं तर खाली सत्तरच्या आसपास येणार. उरलेलं कुठे गेलं म्हणून फिल्टर उलटापालटा करू नये.

आता कॉफीच्या पुडीत मिसळतात ती चिकोरी. तिला भेसळ म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतात. निळ्या फुलांच्या एका झाडाचं हे मूळ. आपल्याकडे गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात एटाकडे पिकतं. त्यात कॅफिन अजिबात नसतं, इन्युलिन नावाचं साखरेच्या साखळ्यांचं पिठूळ द्रव्य भरपूर असतं. मूळ भाजलं की या साखळ्या तुटतात, साखर करपते, तपकिरी रंग आणि कॅरॅमलसारखा वास येतो. कॉफीपेक्षा चिकोरीचा कितीतरी जास्त भाग पाण्यात विरघळतो, म्हणून डिकॉक्शन दाट आणि काळंभोर होतं, दुधात घातल्यावर हरवत नाही. नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. मामींचं ठरलेलं प्रमाण ८०-२०. माटुंग्याला दुकानात समोर दळून घेतात, पीबेरी आणि प्लांटेशन ए या बियांच्या दोन प्रती, निम्म्या निम्म्या. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया चिकटून असतात. एकच वाढली तर ती गोल होते, ती पीबेरी.

दुधाचं काम नुसतं पांढरं करण्याचं नाही. त्यातलं केसीन हे प्रथिन कॉफीतल्या तुरट पदार्थांना धरून ठेवतं आणि जीभ आवळणं कमी होतं. दूध उकळतं हवं, डिकॉक्शन मात्र वेगळं तापवायचं नाही. गॅसवर ठेवलेल्या डिकॉक्शनमध्ये काही पदार्थांचं विघटन होऊन पुन्हा आम्लं तयार होतात आणि ते आंबूस लागतं. टंबलर म्हणजे पेला आणि डवरा म्हणजे त्याखालची खोलगट वाटी, या दोघांतली हातभर उंचीवरून केलेली उलटापालट नाटकी वाटते, पण त्या लांब धारेला हवा लागून कॉफी पिण्याजोगी निवते आणि दुधातल्या प्रथिनांमुळे वर फेस धरतो.

त्या सकाळी ‘फुस्स’ झाल्यावरही माझा फिल्टर मामींच्या निम्म्या वेगाने ठिबकत होता. संध्याकाळी त्यांनी तो मागवून घेतला, वरचं भांडं खिडकीशी धरलं आणि मला पाहायला लावलं. अर्ध्याअधिक भोकांतून उजेडच येत नव्हता. कॉफीचं तेल आणि बारीक पूड बसून ती बुजली होती. मामींनी भांडं चिमट्यात धरून बूड गॅसच्या ज्वाळेवर फिरवलं, धूर निघाला, करपट वास सुटला. मग थंड करून, घासून पुन्हा खिडकीशी धरलं.

“आता मोज,” म्हणाल्या.